आठ मिनिटांचा थांबा

"अगं, पाय आत घे आधी. राजेश, जरा तिकडून धर रं काकीला. हां, अशी. बस आता."

धाकलूने अंबाबाईला रिक्षात बसवलं, पाठीशी उशी दिली, पायांवर शाल टाकली आणि उरलेल्या वीतभर जागेत स्वतः टेकला. कोंडाणे गावापासून कर्जत स्टेशन काही लांब नाही. पण अंबाबाईला हल्ली चुलीपासून ओटीपर्यंत यायचं म्हटलं तरी दोनदा भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. त्या बाईने आज सकाळी सहालाच डोक्यावरून अंघोळ केली होती, लग्नकार्याची हिरवी साडी नेसली होती आणि नऊ वाजल्यापासून ओटीवर येऊन बसली होती. गाडी बाराची. पण आत जाऊन जरा पड, असं तिला म्हणायची कोणाची बिशाद होती!

रिक्षा धाकलूच्या पुतण्याची, राजेशची. ती चालू करता करता त्याने मान वळवून विचारलं, "काका, गाडी थांबते ना पन नक्की? सुरभीताय म्हनत व्हती, मोबाइलात कर्जत दाखवत नाय."

झालं! शेपटीवरच पाय पडला.

"मोबाइलात कवा दाखवत व्हतं रं? चौतीस वर्सं मी तितं काय गवत उपटलं? घाट चढायचा तर गाडी कर्जतला थांबनार. थांबनार म्हंजे थांबनार. तू म्होरं बघ."

आता धाकलूचं म्हणणं काही उगाच नव्हतं. कर्जत सोडलं की बोरघाट लागतो. तो चढ एकट्या इंजिनाच्या बापाला जमत नाही. म्हणून मुंबईकडून येणारी लांबपल्ल्याची गाडी कर्जतला उभी राहायची, तिच्या शेपटाला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागायची, आणि पुढचं ओढतंय, मागची ढकलतायत, अशी ती लोणावळ्याला पोचायची. ती मागची इंजिनं डब्याला जोडायची, हवेचे पाइप बसवायचे, ओढून बघायचे आणि गार्डाला हात करायचा, हे धाकलूचं काम. आठ मिनिटं लागायची. कित्येक गाड्यांच्या वेळापत्रकात कर्जतचं नावसुद्धा नसायचं, कारण हा थांबा माणसांसाठी नव्हताच. तो इंजिनांसाठी होता.

पण कर्जतकर काय कमी! त्या आठ मिनिटांवर गावाने संसार थाटले. वडे, चहा, काकड्या, जांभळं, करवंदं, गजरे, सगळं त्या आठ मिनिटांत खपायचं. डोंगरातल्या बायका पहाटे पाट्या भरून खाली उतरायच्या त्या या गाड्यांच्या भरवशावर. नातीगोतीही तिथेच निभावली जायची. मुंबईचा भाऊ पुण्याला निघाला की कर्जतची बहीण डबा घेऊन फलाटावर हजर. बाजारपेठेतल्या नानामास्तरांनी तर मालतीचं, म्हणजे त्यांच्या थोरलीचं, लग्न खिडकीशी उभं राहून जुळवलं होतं. मुलगा पाहिला, मुलगी दाखवली, पत्रिका दिली, गाडी सुटली. लोक अजून सांगतात.

धाकलूला या सगळ्याचा भारी अभिमान. मुंबईच्या बंदरात उतरलेलं लोखंड, यंत्रं, खत, तेल, सगळं घाटावर जायचं ते इथूनच. "पुन्याकडचे कारखाने माज्या ढकलन्यावर उभे ऱ्हायले," असं तो चहाच्या टपरीवर बिनदिक्कत सांगायचा. लोक हसायचे, पण खोटं आहे असं कोणी म्हणायचं नाही.

अंबाबाईचा भाऊ लडकू, त्याचं चौक गावी जुन्या हायवेवर हॉटेल होतं. रात्रंदिवस ट्रक उभे, भट्टी कधी विझायची नाही. पलीकडून द्रुतगती मार्ग झाला आणि महिन्याभरात सगळे ट्रक तिकडे वळले. लडकू दारात खुर्ची टाकून रिकाम्या डांबराकडे बघत बसायचा. धाकलू तेव्हा त्याला म्हणाला होता, "रस्त्याचं काय, तो कुटूनबी न्हेता येतो. रेल्वेचं तसं नाय. घाट हाय तवर कर्जत हाय." पुढे लडकूने हॉटेल मोडलं आणि खोपोलीच्या एका कारखान्यात रखवालीला लागला.

तर सुरभीचं सांगायचं राहिलं. एकुलती एक लेक. दिलेली वापीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, डिंकाचे लाडू वळून झाले होते, आणि सातव्या महिन्यात इकडे अंबाबाईच हॉस्पिटलात. हृदय थकलं म्हणाले. मग बाळंतपण तिकडेच झालं. मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. दीड महिना काचेच्या पेटीत ठेवली. पुढे हे ना ते, बाळाला घेऊन निघणं झालंच नाही, आणि आता नात आठ महिन्यांची झाली तरी आजीने तिला हात लावलेला नव्हता. मोबाइलवर रोज दिसायची. अंबाबाई बघायची, हसायची, आणि फोन ठेवला की दोन्ही हात मांडीवर तसेच उघडे टाकून बसून राहायची. "काचंतलं बगून जीव भरत नाय वो," एवढंच म्हणायची.

अशात जावयाची बदली हैदराबादला झाली. सामान ट्रकने पुढे गेलं, आणि हे तिघं गुजरातवरून हैदराबादला जाणाऱ्या गाडीने निघणार होते. गाडी वसई, कल्याण, कर्जत अशी. चार दिवसांपूर्वी सुरभीचा फोन आला. "बाबा, आमी कल्यानला उतरतो. एक रात ऱ्हातो आईपाशी. त्यांना सोमवारी हजर व्हायचं हाय, पन करू कायतरी."

तेव्हाच हो म्हणायला काय झालं होतं? पण नाही. "कशाला पोरीला घिऊन चढ-उतार करता?" धाकलू म्हणाला. "गाडी कर्जतला आठ मिंटं उभी ऱ्हाते. मी आईला फलाटावर आनतो. एस-चार ना? शेडच्या तिसऱ्या खांबापाशी लागतो त्यो. तू दारातनं पोरगी तिच्या हातात दे. मन भरून घेऊ दे तिला. दिवाळीला या मंग निवांत."

दिवाळी! खोपोलीच्या डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, पावसाळा निघणं कठीण आहे. ते त्याने अंबाबाईला सांगितलं नव्हतं, सुरभीलाही नाही. पोर उगाच जिवाला लावून घेईल, दूध आटेल तिचं, असं त्याला वाटलं. त्याच्यापाशी ती आठ मिनिटं होती आणि त्यांच्यावर त्याचा देवाहून जास्त भरवसा होता.

साडेअकराला ते स्टेशनात पोचले. निवृत्त होऊन त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि अंबाबाई आजारी पडल्यापासून तर तो इकडे फिरकलाच नव्हता. राजेशने स्टेशनातली चाकांची खुर्ची आणली. दोघांनी मिळून अंबाबाईला तिसऱ्या खांबापाशी नेऊन ठेवलं. तिला धाप लागली होती, पण चेहरा असा काही फुलला होता की धाकलू बघतच राहिला.

"मानेखाली हात घालायचा ना वो? आट म्हयन्यांची म्हंजे मान धरली आसंल तिनं," ती म्हणाली.

"आगं, बसती व्हतेय ती आता."

"तरीपन. मला सवय नाय ऱ्हायली." तिने शालीचा पाळणा करून पाहिला, मग परत सोडला.

तेवढ्यात ललिता दिसली. ही फलाटावर बोरं-काकड्या विकणारी, धाकलूच्या वेळेपासूनची. पाटी बरीचशी भरलेलीच होती.

"धाकलूदादा! किती वर्सांनी! वयनी, बरं हाय का? कुनाला न्यायला आलाव?"

"न्यायला नाय, भेटायला. हैदराबादच्या गाडीला सुरभी हाय माजी."

ललिताने पाटी खाली ठेवली. "ती नाय थांबत आता, दादा."

"काय बोलतेस?"

"परवा गुरवारपासनं. दोनी टोकांना इंजनं लावूनच येते. धाडकन निगून जाते. आता या म्हयन्यात ही तिसरी गाडी. माजी बोरं बगा ना, तशीच घरी जातायत."

"येडी का खुळी तू? घाट काय सपाट झाला?" धाकलू खेकसला. अंबाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "मी आलोच," म्हणत तो स्टेशन मास्तरच्या खोलीकडे जवळजवळ धावतच गेला.

खुर्चीत एक नवा पोरगेला मास्तर होता. त्याने धाकलूचं सगळं ऐकून घेतलं. उठून बसायला खुर्चीही दिली. "काका, या गाडीला आता मागे-पुढे स्वतःचीच इंजिनं. मुंबईच्या बाजूनेच लावून येतात. इथे जोडायचं काहीच नाही, मग थांबवायची कशाला? वेळ वाचतो, पुढच्या मालगाड्यांना वाट मिळते. हळूहळू सगळ्याच गाड्यांचं असं होणार."

"एक मिंट, सायेब. फकस्त एक मिंट. बाईमानूस आजारी हाय. तिला परत... तिला पुन्ना जमनार नाय."

मास्तरचा चेहरा पडला. "कंट्रोलला काय सांगू, काका? तुम्हीच सांगा. तुम्ही तर रेल्वेचेच."

रेल्वेच्या कुठल्याच कागदावर या कारणासाठी रकाना नव्हता, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तो पाय ओढत तिसऱ्या खांबापाशी आला. गाडीने नेरळ सोडल्याचं मास्तरने सांगितलं होतं. त्याने खिशातून फोन काढला.

"बाबा! आमी निगालोच दाराकडं," सुरभीचा आवाज कसा खुशीत होता. "नवं झबलं घातलंय तिला. आई आली ना?"

"आलेय. सुरभी, आयक. गाडी थांबत नाय."

"म्हंजे?"

"आता थांबत नाय ही. दोन इंजनं हायेत. माजं चुकलं, पोरी."

मग ती एकदम म्हणाली, "बाबा, मी साखळी ओढते. दंड तर दंड. कर्जत आलं की ओढते मी."

"नको!"

तोंडातून निघूनच गेलं. चौतीस वर्षं हे तोंड तेच बोलत आलं होतं. साखळी ओढणाऱ्यांना त्याने किती वेळा डब्यातून खाली उतरवून झापलं होतं, घाटाच्या तोंडाशी गाडी अडली की मागे किती गाड्या खोळंबतात, जोडणाऱ्या माणसाच्या जिवाशी कसा खेळ होतो, हे पोरीला लहानपणापासून ऐकवलं होतं. "नको, सुरभी. तसं नाय करायचं. तू फलाटाच्या बाजूच्या दारात ऱ्हा. यार्डातनं गाडी हळू जाते. पोरगी वर धर. आईला लांबून दिसंल."

"बरं," सुरभी म्हणाली. फोन बंद झाला.

अंबाबाईने सगळं ऐकलं होतं. तिने आदळआपट केली नाही, रडली नाही. शालीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. खाली मान घालूनच ती बोलली, "ओढू द्यायची व्हती वो."

एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात तिने याच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. कसला कायदा नि कसली शिस्त! ज्या रेल्वेसाठी तो नको म्हणाला तिच्याकडे त्याच्यासाठी एक मिनिट नव्हतं. त्याने घाईघाईने परत फोन लावला. ओढ म्हणायचं होतं त्याला. ओढ गं बाई, दोन्ही हातांनी ओढ. फोन लागेना. पुन्हा लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. तिसऱ्यांदा लावता लावता रुळांत आवाज भरला आणि वळणावर इंजिन दिसलं.

"आली," ललिता म्हणाली आणि सवयीने पाटी उचलून डोक्यावर घेतली, मग तिचं तिलाच आठवून परत खाली ठेवली.

गाडी खरोखर फार वेगात नव्हती. पण उभ्या राहणाऱ्या गाडीची चाल आणि निघून जाणाऱ्या गाडीची चाल वेगळी असते, आणि धाकलूला ती पहिल्या डब्यातच कळली. धुळीचा लोट उठला. अंबाबाई खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठायला बघत होती. राजेशने तिला काखेत धरून उभं केलं. डबे जाऊ लागले, दारांत माणसं, खिडक्यांत माणसं. धाकलू एस-चार शोधत होता. शोधत होता म्हणजे डोळ्यांनी; पण डोळे मेले चौतीस वर्षांच्या वळणाचे. गाडी आली की ते शेपटाकडे जायचे. या वेळीही ते आपसूक मागे गेले. शेवटच्या डब्याला एक मोठं इंजिन आधीच जोडलेलं होतं, पाइप बसवलेले, सगळं चोख. ते त्याच्यासमोरून ढकलत ढकलत निघून गेलं, आणि मग फक्त मोकळा रूळ राहिला. धाकलूच्या ध्यानात आलं की आपण एस-चार पाहिलाच नाही.

तो वळला. अंबाबाई परत खुर्चीत बसली होती. तिची छाती भात्यासारखी हलत होती. राजेश पाणी आणायला पळाला.

"अंबे... दिसली का गं?" विचारतानासुद्धा त्याला धीर होत नव्हता.

अंबाबाईने श्वास सावरला. त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "दिसली की," ती म्हणाली.

"खरं?"

"दारातच व्हती सुरभी. पोरीला वर धरलंवतं. गोरी हाय. नाक मातर तुमचं घेतलंन, बसकं."

धाकलूच्या छातीवरचा दगड उतरला. तो खुर्चीशेजारी फलाटावर मटकन बसला आणि त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. "माजं नाक! आगं मंग वाटोळं झालं की पोरीचं," तो म्हणाला. ललितालाही त्याने ओरडून सांगितलं, "दिसली बरं का हिला नात! ह्या गर्दीत बराब्बर टिपली हिनं!" ललिताने ओंजळभर बोरं आणून अंबाबाईच्या ओटीत घातली. अंबाबाई हसली. दमली होती फार, पण हसली.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा..." सुरभीला बोलता येत नव्हतं. हुंदक्यांतून एकेक शब्द निघत होता. "बाबा, त्या दाराला कुनीतरी गोन्या लावल्यावत्या वो. उगडंचना. हे ढकलत व्हते, मी पोरीला घिऊन खिडकीकडं पळाले, तितं मानसं उठंनात. फलाट गेला पन. मला कायच दिसलं नाय. आईला दाकवताच नाय आली मला."

धाकलूने मान वर केली. समोर अंबाबाई पदरातलं एक बोर बोटांनी पुसत होती.

"मी ओढायला पायजे व्हती," सुरभी रडत होती. "दिवाळीला येते मी, बाबा. नक्की येते. मंग दिवसभर घिऊन बसू दे तिला. सांगाल ना आईला?"

"काय म्हनते?" अंबाबाईने विचारलं.

धाकलूने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही.

"म्हनते, आई दिसली," तो म्हणाला. "हिरव्या साडीत बसलेली. उटून उबी ऱ्हायलेली पन दिसली म्हनते."

फोनमधलं रडणं एकदम थांबलं. सुरभीने ऐकलं होतं.

अंबाबाईने हात पुढे केला. "द्या इकडं." त्याने नाइलाजाने फोन दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सुरभी, मी गं. दिसली मला बाळी. चांगली भरलेय आंगानं. तू मातर वाळलेस, जरा खात जा." मग ती थांबली. पलीकडून काय येत होतं ते धाकलूला ऐकू आलं नाही. अंबाबाई फक्त मान हलवत होती, हां, हां म्हणत होती. एकदा म्हणाली, "आगं, बगितली म्हनते ना मी." आणि मग, पुष्कळ हळू, "थोपट तिला. बावरली आसंल."

तिने फोन धाकलूच्या हातात दिला. तो आधीच बंद झाला होता.

"रडते येडी," ती म्हणाली. "चला वो. घरी चला आता."